सीक्यू देऊन हात दुखला, तरी उत्तर नाही? आधी फ्रिक्वेन्सी तपासा

"काका, आठ दिवस झाले. रोज संध्याकाळी तासभर सीक्यू देतोय. कुत्रंसुद्धा विचारत नाही. लिनिअर घेऊ का?"

इस्लामपूरच्या एका नव्या हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, हा फोन. सीक्यू म्हणजे 'कोणीही या, बोलू' अशी हाक आणि लिनिअर म्हणजे पॉवर वाढवणारा अँप्लिफायर. गच्चीवर ४० मीटर बँडची (७ मेगाहर्ट्झच्या आसपासची) इन्व्हर्टेड व्ही अँटेना, एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली आहे याचं माप) दीडच्या आत, किटमधून स्वतः जुळवलेला दहा वॉटचा रिग, म्हणजे रेडिओसंच, आणि जागा ७.०३० मेगाहर्ट्झ. एवढं ऐकल्यावर लिनिअरवर पैसे घालवायचं काही कारण मला दिसेना. रात्री ४० मीटरवर दहा वॉट सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स, युरोपपर्यंत आरामात जातं. पाच वॉटही पुष्कळदा जातं.

असे फोन वर्षातून पाचसहा तरी येतात आणि बहुतेकांचं मूळ एकच निघतं. आपण जिथे आहोत असं आपल्याला वाटतं, तिथे आपण नसतो. सीडब्ल्यूच्या रिगमध्ये फ्रिक्वेन्सी एक नसते, तीन असतात: पडद्यावर दिसते ती, हवेत जाते ती, आणि आपला कान जिथे लागलेला असतो ती. तयार रिगमध्ये कारखान्यातच तिन्ही जुळवून दिलेल्या असतात, म्हणून आपल्याला पत्ता नसतो. किट, जुना रिग, नवं फर्मवेअर किंवा चुकून दाबलेलं एखादं बटण, यातलं काही आलं की त्यांची फारकत होते.

आधी बाहेरून स्वतःला बघा

रिग उघडू नका, अँटेना खाली घेऊ नका. आधी रिव्हर्स बीकन नेटवर्क, म्हणजे आरबीएन बघा. जगभरातल्या हॅम मंडळींनी आपापल्या घरी लावलेले रिसीव्हर दिवसरात्र सीडब्ल्यू ऐकतात आणि कोणी सीक्यू दिला की त्याचं कॉलसाइन (परवान्यावरचं सांकेतिक नाव), फ्रिक्वेन्सी, गोंगाटापेक्षा सिग्नल किती डेसिबल वर होता आणि वेग किती होता, हे सगळं नोंदवून टाकतात. फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे १०० हर्ट्झपर्यंत मिळते. ऐकणारा माणूस नसून संगणक आहे, त्यामुळे 'सीक्यू सीक्यू डीई' आणि मग दोनदा कॉलसाइन, असं साधं आणि सारख्या अंतराने पाठवा. अक्षरं एकमेकांना चिकटली तर माणूस समजून घेईल, हे यंत्र घेणार नाही.

दुसरी सोय म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारे रिसीव्हर. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर पुष्कळांना माहीत आहे. रात्री ४० मीटरवर आपला सिग्नल तिथे ऐकू येतो का ते स्वतःच्या कानाने तपासता येतं. फक्त आवाज जरा उशिरा येतो. मोर्सची की मारताना हेडफोनमध्ये तो ऐकत बसलात तर हात गडबडलाच म्हणून समजा.

दुपारी ४० मीटरवर आरबीएनने दखल घेतली नाही तर घाबरू नका. दिवसा आयनोस्फिअरचा डी थर या बँडचा सिग्नल खातो, आणि ऐकणारी यंत्रं आपल्याकडे कमी, युरोपात पुष्कळ. ही तपासणी सूर्यास्तानंतर करायची.

आता आरबीएनवर काय दिसतं ते बघा. तुमचं नावच नाही, आणि रात्री दोनतीन दिवस प्रयत्न करूनही नाही, तर दोष फ्रिक्वेन्सीत नसून अँटेना, फीडर किंवा पॉवरमध्ये शोधा. त्या वाटेला आज जात नाही. नाव आहे पण आकडा पडद्यापेक्षा वेगळा आहे, तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे. नाव आहे, आकडाही बरोबर आहे आणि तरी कोणी बोलत नाही, तर थेट खालच्या 'जागा कुठली धरायची' या भागाकडे या.

७०० हर्ट्झची भानगड

आमच्या इस्लामपूरकराच्या पडद्यावर होतं ७०३०.० किलोहर्ट्झ. आरबीएन सांगत होतं ७०३०.७. शिवाय तीन वेगवेगळ्या देशांतल्या रिसीव्हरनी त्याला ऐकलं होतं. म्हणजे सिग्नल उत्तम जात होता. बोलता बोलता त्याने अजून एक गोष्ट सांगितली, जी त्याला किरकोळ वाटत होती: "२० मीटरवर मात्र कधीकधी होतं बघा काका." तिथेच मला उत्तर सापडलं.

सीडब्ल्यूचा वाहक, म्हणजे मूळ रेडिओलहर, नुसता असतो, त्याला स्वतःचा आवाज नसतो. तो ऐकू यावा म्हणून रिसीव्हरला त्याच्यापासून थोडं बाजूला बसावं लागतं. ६०० किंवा ७०० हर्ट्झ बाजूला बसलं की तेवढ्या हर्ट्झची शिट्टी कानात येते. प्रश्न एवढाच की कुठल्या बाजूला बसायचं, वर की खाली? यूएसबीमध्ये (वरच्या साइडबँडवर) ऐकताना रिग स्टेशनच्या खाली बसतो, एलएसबीमध्ये (खालच्या साइडबँडवर) वर.

त्याचा रिग पाठवताना नेहमी पडद्यावरच्या आकड्यात ७०० हर्ट्झ मिळवत होता. ऐकताना मात्र फोनवाल्यांच्या, म्हणजे मोर्सऐवजी आवाजात बोलणाऱ्यांच्या, रिवाजाप्रमाणे १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी आणि वर यूएसबी लागत होतं. २० मीटरवर यूएसबी, त्यामुळे पाठवणं आणि ऐकणं एकाच जागी. ४० मीटरवर तो ७०३०.७वर सीक्यू देत होता, लोक त्याला नेमकं ७०३०.७वर उत्तर देत होते, आणि त्याचा कान लागला होता ७०२९.३वर. उत्तरं फिल्टरच्या (बाजूचे सिग्नल अडवणाऱ्या चाळणीच्या) पलीकडच्या बाजूला आपटून परत जात होती. आठ दिवसांत किती जणांनी त्याला हाक मारून नाद सोडला असेल कोण जाणे.

तो दुसऱ्याच्या सीक्यूला उत्तर देई तेव्हाही हाच घोळ. समोरचा ७०२०.०वर असेल, तर एलएसबीमध्ये ७०० हर्ट्झची शिट्टी यावी म्हणून हा पडदा ७०२०.७वर नेणार, आणि मग पाठवणार ७०२१.४वर. टोनच्या दुप्पट, १४०० हर्ट्झ लांब. समोरच्याचा फिल्टर ५०० हर्ट्झचा असेल तर त्याच्या दृष्टीने तुम्ही जन्मालाच आलेले नाही.

उपाय अर्ध्या मिनिटाचा होता: ४० मीटरवर सीडब्ल्यूसाठी यूएसबी लावायचं. त्याच रात्री आठ दिवसांचा उपास सुटला.

तुमच्या रिगमध्ये घोळ नेमका हाच असेल असं नाही. काहींत पडदा हवेतली खरी फ्रिक्वेन्सी दाखवतो, काहींत रिसीव्हर बसतो ती. माहितीपत्रकात हे बहुतेक एका ओळीत उरकलेलं असतं आणि ती ओळ कोणी वाचत नाही. आरबीएनचा आकडा आणि पडद्याचा आकडा, प्रत्येक बँडला, कागदावर शेजारी शेजारी लिहून तो कागद शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, चिकटवा. पडद्यापेक्षा खाली पाठवणारा रिग असेल तर बँडच्या कडेला जास्तच जपा. पडद्यावर ७०००.५ आहे म्हणून तुम्ही निर्धास्त, आणि हवेत गेलात ६९९९.८वर, हौशींच्या हद्दीबाहेर. परवाना आपला आहे, किटवाल्याचा नाही.

फरक १००-२०० हर्ट्झचाच असेल तर तो अंशांकनाचा (कॅलिब्रेशनचा). दहा मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं स्टेशन आपल्याकडे पुष्कळदा ऐकू येतं. सेकंदासेकंदाची टिकटिक ही त्याची खूण. यूएसबीमध्ये पडदा ९.९९९वर ठेवा, वाहकाची शिट्टी बरोबर १००० हर्ट्झची आली पाहिजे. मोबाइलवरच्या कुठल्याही स्पेक्ट्रम अॅपने ती मोजता येते. १०५० आली तर दहा मेगाहर्ट्झला ५० हर्ट्झची चूक, म्हणजे सातला साधारण ३५ची. एवढ्याने कोणी उपाशी मरत नाही, पण दुरुस्त करता येते तर करून टाकावी.

तंबोरा लावता येतो का?

रिग निर्दोष असूनही माणूस चुकतो ती जागा म्हणजे झिरो बीट. समोरच्याच्या सिग्नलची शिट्टी तुमच्या साइडटोनच्या (स्वतः पाठवताना कानात येणाऱ्या शिट्टीच्या) सुराला मिळाली की तुम्ही नेमके त्याच्या फ्रिक्वेन्सीवर आलात. स्पॉटचं बटण असेल तर ते दाबून दोन्ही सूर एकत्र ऐका. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा लावताना आधी आवाज घोंगावतो, मग ते घोंगावणं संथ होत जातं आणि एका क्षणी थांबतं. इथेही अगदी तेच होतं, आणि कारणही तेच आहे. दोन कंपनसंख्यांमधला फरक म्हणजेच ते घोंगावणं. ज्यांना सूर पटकन कळत नाही त्यांनी पेटीचा आधार घ्यावा. ७०० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ पेटीवरच्या उजवीकडच्या सप्तकातली पांढरी चार.

इथे एक सापळा आहे. काही रिगमध्ये साइडटोनचा सूर आणि प्रत्यक्ष सरकण्याचं अंतर वेगवेगळं ठेवता येतं. कानाला ८०० टोचतं म्हणून तुम्ही साइडटोन ६००वर आणलात आणि सरकणं ८००वरच राहिलं, तर सूर कितीही प्रेमाने जुळवा, दरवेळी २०० हर्ट्झ बाजूलाच पडाल. ही चूक कान पकडूच शकत नाही, कारण कानाला सगळं सुरेल वाटत असतं.

खात्री करायची माझी आवडती युक्ती: रिगमध्ये सीडब्ल्यू आणि सीडब्ल्यू-रिव्हर्स असे दोन पर्याय असतील तर सिग्नल ऐकत असताना एकातून दुसऱ्यात जा. शिट्टीचा सूर बदलला नाही तर तुम्ही बरोबर त्याच्या फ्रिक्वेन्सीवर आहात. बदलला, तर जितका बदलला त्याच्या निम्म्याने चुकला आहात.

आरआयटी, म्हणजे पाठवणं जागेवर ठेवून फक्त ऐकणं सरकवायची सोय, हिच्याबद्दल लिहायला लाज वाटते, कारण तीस वर्षं की मारूनही मी दर दोनतीन महिन्यांनी यात फसतो. काल कुणाला तरी ऐकायला ती ४०० हर्ट्झ सरकवलेली असते आणि आज तशीच राहते. पाठवणं जागच्या जागी, कान भलतीकडे. सीक्यू द्यायच्या आधी ती शून्यावर आहे ना, हे एकदा बघायचं.

आणि सीक्यू देऊन झाला की फिल्टर रुंद करा. २५० हर्ट्झच्या फटीतून बाहेर बघत हाका मारणारे लोक मी पाहिले आहेत. उत्तर देणारा नवखा असेल, त्याचा स्फटिकावरचा (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीचा) छोटा रिग असेल, तर तो ३००-४०० हर्ट्झ इकडेतिकडे येणारच. एक किलोहर्ट्झ रुंद ऐका, माणूस सापडला की आरआयटीने त्याच्याकडे सरका, मग फिल्टर आवळा. मुख्य नॉब फिरवू नका. तुम्ही त्याच्याकडे सरकलात, तो तुमच्याकडे सरकला, असा पाठलाग सुरू होतो आणि क्यूएसओ (संभाषण) संपेपर्यंत दोघेही भलत्याच गावी पोचलेले असतात.

जागा कुठली धरायची

आता ज्यांचा आकडा बरोबर आहे आणि तरी उत्तर नाही, त्यांच्यासाठी.

७.०३० ही कमी पॉवरवाल्यांची ओळखीची जागा, २० मीटरवर तीच १४.०६०. म्हणून प्रत्येक पुस्तकात ती छापलेली असते आणि म्हणून प्रत्येक नवा माणूस नेमका त्या टिंबावर जाऊन बसतो. पण एका सीडब्ल्यू सिग्नलला मुळात जागा लागते किती? मिनिटाला पंचवीस शब्दांच्या वेगाला साधारण १०० हर्ट्झ. शेजाऱ्याला त्रास नको म्हणून ४००-५०० हर्ट्झ सोडा. म्हणजे ७.०२८ ते ७.०३२ एवढ्यात सातआठ जण सुखाने बोलू शकतात. ओळखीच्या आकड्याच्या आसपास राहा, थेट त्याच्या डोक्यावर नको. मी तर पूर्ण किलोहर्ट्झही टाळतो. ७०२८.६ अशा ठिकाणी गर्दी कमी असते आणि नॉब फिरवणाऱ्याच्या वाटेत तुम्ही येताच.

खालचे पहिले दहा किलोहर्ट्झ, ७.००० ते ७.०१०, तिथे दूरदेशीचे शिकारी वेगात बोलत असतात. मिनिटाला बारा शब्दांच्या वेगाचा सीक्यू तिथे देऊ नये असा नियम नाही, पण उत्तर देणारा तिथे थांबलेला नसतो. ७.०२३ जपून वापरा. दूरच्या बेटांवर जाणाऱ्या मोहिमा बँडच्या तळापासून २३ किलोहर्ट्झवर बसायच्या बऱ्याच शौकीन असतात. गंमत म्हणजे स्वस्तातल्या चिनी किटांबरोबर येणारा स्फटिकही पुष्कळदा ७.०२३चाच असतो. मोहीमवाला 'अप' म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या वर एक ते पाच किलोहर्ट्झमध्ये ऐकत असतो. तुम्हाला तो ऐकू येत नाही, त्याला हाका मारणारेही ऐकू येत नाहीत, आणि तुम्ही रिकामी जागा समजून मध्येच सीक्यू सुरू करता. उत्तराऐवजी शिव्या येतात, त्याही मोर्समध्ये.

वरच्या बाजूला ७.०४०पासून डिजिटलवाल्यांची वस्ती लागते. एफटी-८ या डिजिटल पद्धतीचा डायल ७.०७४, २० मीटरवर १४.०७४, ३० मीटरवर १०.१३६, आणि तिथून वर सुमारे तीन किलोहर्ट्झ ती मंडळी पसरलेली असतात. त्यांच्यात जाऊन सीक्यू दिलात तर ऐकणारे संगणक, आणि ते मोर्स उलगडत बसलेले नसतात.

शनिवार-रविवार असेल आणि बँड डिटडांनी खच्चून भरला असेल तर स्पर्धा चालू आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्डवाइडची सीडब्ल्यू स्पर्धा असते, तेव्हा ४० मीटरवर मुंगीला शिरायला जागा नसते. अशा वेळी ३०, १७ किंवा १२ मीटरवर जा. या तीन बँडवर स्पर्धा घ्यायच्या नाहीत असा संकेत आहे आणि तो पाळला जातो. ३० मीटरवर तर फोनही नाही, १०.१०० ते १०.१५०. निवांत बोलायला मला हाच बँड सगळ्यात आवडतो.

बँड मुळात उघडा आहे का, हा प्रश्नही लोक विसरतात. १४.१००वर एक बीकनसाखळी चालते: जगभरातली अठरा स्टेशनं, प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत एक फेरी. कॉलसाइननंतर चार लांब डॅश येतात, १०० वॉट, १० वॉट, १ वॉट आणि शेवटचा ०.१ वॉट. त्यात आपला शेजारी श्रीलंकाही आहे. कुठल्या बीकनचा कितवा डॅश ऐकू आला यावरून बँडचा अंदाज थेट हातात मिळतो. १४.१०० मात्र दोन्ही बाजूंनी मोकळी सोडायची, तिथे कोणीही पाठवायचं नाही.

सीटवर रुमाल आहे का?

एसटीत रिकामी दिसणारी सीट रिकामी असतेच असं नाही, खिडकीतून कोणीतरी रुमाल टाकलेला असतो. बँडवरही तसंच आहे. वॉटरफॉलवर, म्हणजे बँडवरचे सिग्नल दाखवणाऱ्या चित्रावर, काळी पट्टी दिसली म्हणून लोक धपकन बसतात. पण दोघांच्या संभाषणातला एक जण तुमच्या स्किपमध्ये (सिग्नल डोक्यावरून जातो त्या मधल्या पट्ट्यात) असू शकतो. सांगलीतून तुम्हाला जपानचा ऐकू येतो, पण तो ज्याच्याशी बोलतोय तो हैदराबादचा रात्रीच्या वेळी डोक्यावरून निघून जातो. जपानवाला गप्प बसून ऐकत असेल ती दोन मिनिटं तुम्हाला जागा अगदी मोकळी वाटते.

म्हणून आधी अर्धा मिनिट नुसतं ऐका. मग 'क्यूआरएल?', म्हणजे 'जागा वापरात आहे का?', असं विचारा, सोबत कॉलसाइन द्या, चारपाच सेकंद थांबा आणि पुन्हा एकदा विचारा. उत्तर पूर्ण वाक्यात येणार नाही. नुसता 'आर' येईल, 'सी' येईल, 'वाय' येईल, कधी घाईतला एखादा डिट. काहीही ऐकू आलं की जागा भरलेली समजून निमूटपणे किलोहर्ट्झभर सरकायचं. नुसतं प्रश्नचिन्ह पाठवण्याची काहींना सवय असते. ते टाळा, चालू क्यूएसओत ते 'पुन्हा सांग' असं ऐकू जातं.

पूर्वी जहाजांच्या ५०० किलोहर्ट्झवर हे काम घड्याळ करत असे. दर तासाला पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प राहून संकटातल्या जहाजासाठी कान द्यायचा, आणि रेडिओरूमच्या घड्याळावर ते भाग लाल रंगवलेले असत. १९९९मध्ये जहाजांवरचं मोर्स अधिकृतपणे मागे पडलं. हौशी बँडवर असं लाल घड्याळ कधीच नव्हतं, इथे ज्याचं त्यानेच गप्प बसायचं असतं.

जागा ठरवताना स्वतःच्या घराचाही विचार करा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, शेजाऱ्याचा सोलर इन्व्हर्टर यांची घरघर बँडभर सारखी नसते, ठराविक अंतराने तिचे उंचवटे येतात. तुम्ही नेमके उंचवट्यावर बसलात तर तुमचा सिग्नल लोकांना स्वच्छ जातो आणि त्यांचं उत्तर तुमच्या घरघरीत बुडतं. रिग बॅटरीवर घ्या, घराचा मेन स्विच बंद करा आणि बँड एकदा फिरून ऐका. काय शांत झालं ते लगेच कळतं. मेन बंद करूनही घरघर राहिली तर ती शेजारची. मग दहा किलोहर्ट्झ सरकून दोन उंचवट्यांमधला खड्डा शोधायचा. दिवाळीच्या पंधरवड्यात मी हे करत नाही, सरळ ३० मीटरवर जातो.

इस्लामपूरकराचं ४० मीटर सुरळीत चाललं. लॉगमध्ये पन्नाशी गाठली म्हणून पेढेही पोचले. मग थंडी पडली आणि महाराज ८० मीटरवर गेले. परवा पुन्हा फोन: "काका, ३.५६०वर चार दिवस झाले सीक्यू देतोय..." मी म्हटलं, साइडबँड बघ. पलीकडे दोन सेकंद शांतता, मग नॉबचा खट् असा आवाज, आणि फोन ठेवूनच दिला त्याने.